डाव्या उशीचा एक इंच

१

आधीच माफी मागतो. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील. माझी शाळा आठवीत सुटली आणि तीही कन्नड शाळा होती. आम्ही म्हैसूरचे शिंपी, घरात मराठी बोलतो, पण लिहायला मला गुंडेराव काकांनी भजनाच्या वहीवरून शिकवलं. त्यामुळे माझ्याकडे कपड्याचे आणि देवाचे शब्द बरे आहेत, बाकीचे थोडे. जे झालं ते साधं लिहितो.

चामराजपुरममध्ये आमचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दोन मशीन, कापायचं लांब टेबल, आणि ट्रायलचा माणसाएवढा आरसा. पडद्यामागे घर. माझे वडील मी तीन वर्षांचा असताना गेले, आई त्यानंतर दोन वर्षांनी. काका-काकूंनीच वाढवलं. त्यांची एकच मुलगी, श्रीलक्ष्मी, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. मी तिला अक्का म्हणतो. ती विजयनगरला एका कंपनीत काम करते आणि घरीच राहते.

कोट शिवून घेणारे कमी झाले तेव्हा काका हेडफोनच्या गाद्या शिवायला लागले. जयलक्ष्मीपुरमहून एक कॉलेजचा मुलगा हेडफोन घेऊन आला होता. कानावरच्या गाद्यांचं रेक्झिन उडून काळे पापुद्रे निघत होते. काकांनी फाटलेला कोट बघावा तसं ते उलटंसुलटं करून बघितलं.

"ह्याचं माप काय?" काका म्हणाले.

"माप नसतं अंकल. युनिव्हर्सल असतं."

"डोकं युनिव्हर्सल असतं का रे, बा?"

त्या मुलाच्या डोक्याला टेप लावूनच काकांनी त्या शिवल्या. तो त्यांना पॅड म्हणायचा, काका कानाच्या उशा म्हणायचे, काकू कन्नडमध्ये दिंबू म्हणते. त्याने चार मुलं पाठवली, त्यांनी आणखी. तीन वर्षांत कोटापेक्षा उशा जास्त झाल्या.

काकांच्या काही सवयी इथे लिहून ठेवतो, कारण पुढे त्या लागतील. कोट असो की उशी, ट्रायल झाल्याशिवाय ते शेवटचा टाका घालायचे नाहीत. उशीला एक इंच तोंड उघडं ठेवायचे. गिऱ्हाइकाला आरशासमोर खुर्चीवर बसवून मागून हेडफोन घालायचे. मग दोन बोटं मानेपासून खांद्याच्या टोकापर्यंत शिवणीवरून फिरवायचे आणि टोकाला अंगठ्याने हलकं दाबायचे. उशीचा खांद्याशी काही संबंध नाही. पण पन्नास वर्षं कोट बघितलेला हात तो, थांबायचा नाही. मग विचारायचे, "बसलं की?" गिऱ्हाईक हो म्हणालं की तिथेच तोंड शिवून दोरा दाताने तोडायचे. कात्री समोर असायची, तरी दाताने. आणि उभे असले तरी त्यांच्या उजव्या पायाचा चवडा वरखाली होत राहायचा, खाली मशीनचं पायडल असल्यासारखा. जेवतानासुद्धा. काकू म्हणायची, "पाय थांबव की, ताट शिवतोस का?"

२

माघात काका गेले. सकाळी चहा प्यायले, मशीनवर बसले आणि टेबलावर डोकं ठेवलं. मला वाटलं झोप लागली.

टेबलावर उशांचा एक जोड होता. कोटाच्या उरलेल्या तपकिरी लोकरीच्या कापडाचा. उजवी पूर्ण होती. डाव्या उशीला एक इंच तोंड उघडं होतं. कोणाची ऑर्डर होती त्याची चिठ्ठी नव्हती. अक्काने विचारलं, मापाच्या वहीत बघितलंस का. मी बघितलं म्हणून सांगितलं. खरं म्हणजे बघितलं नव्हतं. शेवटच्या पानावर काकांचं अक्षर असणार, ते माझ्याने उघडवलं नाही.

अक्काने गेल्या वर्षी नमुन्यासाठी एकाच कंपनीचे एकसारखे तीन हेडफोन घेतले होते. एकाला मी तो जोड बसवला आणि कानाला लावला. इतकं चांगलं मी कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यावरची रिक्षा गेली. पंखा गेला. बासरीवाल्याने श्वास घेतलेला ऐकू आला.

श्रावणात बंगळूरच्या एका दुकानदाराचा अक्काला फोन आला. त्याला दोनशे जोड पाहिजेत, सगळे एकसारखे. मिळालं तर दुकान राहणार, नाही तर पुढची खोली भाड्याने द्यायची असं अक्काने ठरवलंच होतं.

अक्का काकांना अप्पा म्हणते. ती म्हणाली, "अप्पांचा जोड सगळ्यात चांगला आहे म्हणतोस, तर तो उसवू. आत काय भरलंय, काप कसा आहे, बघू. त्याचा नमुना घेऊ."

आमच्या घरात गेलेल्या माणसाचा टाका उसवत नाहीत. पुढेही घालत नाहीत. आजोबांचं एका बाहीचं जाकीट अजून ट्रंकेत आहे, त्याची दुसरी बाही कोणी लावली नाही.

"तोंड उघडं आहे, तिथून दिसत नाही का?" अक्काने विचारलं.

"आतली काळी लोकर दिसते. काप दिसत नाही. काप बघायला सगळी गोल शिवण उसवावी लागेल."

अक्का म्हणाली, "पण रवी, तो खरंच चांगला आहे का? का अप्पांनी केलाय म्हणून? त्यांनी नारळाची करवंटी दिली असती तरी तू कानाला लावून छान आहे म्हणाला असतास."

मी खूप विचार केला. ती म्हणते ते खोटं नव्हतं. आपण कानाने ऐकतो असं वाटतं, पण आधी कोणी केलं ते ऐकतो, मग किंमत ऐकतो, मग रंग. कान शेवटी. आणि मला मनातून काय पाहिजे होतं तेही सांगतो. काकांचा जोड वाईट ठरावा असं मला वाटत होतं. म्हणजे तो उसवावा लागला नसता.

३

अक्काच्या कंपनीत असल्या परीक्षा करतात. तिने नियम सांगितले.

तीन हेडफोन. एकाला काकांचा जोड, एकाला मी शिवलेला, एकाला बाजारातला मशीनचा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांवर पट्टी. पण कापड कानाला लागलं की कळणार, लोकर कुठली आणि रेक्झिन कुठलं. म्हणून मी तिन्ही जोडांना पातळ मलमलीच्या एकसारख्या खोळी शिवल्या आणि त्या घट्ट ओढून बसवल्या. खोळीच्या आत, पटकन दिसणार नाही अशी, दोऱ्याची एकेक गाठ. लाल, पांढरी, पिवळी. कुठल्या रंगाचा कुठला जोड ते अक्काने चिठ्ठीवर लिहून पाकीट चिकटवलं.

"देणाऱ्यालाही माहीत नको," ती म्हणाली. "नाही तर तुझ्या हातावरून कळेल. अप्पांचा जोड तू देवाच्या मूर्तीसारखा उचलतोस."

दर वेळी तिने पडद्यामागे टॉवेलाखाली हात घालून अदलाबदल करायची आणि माझ्या हातात द्यायचे. मी घालायचे. ऐकणाऱ्याने दहापैकी मार्क सांगायचे, मी लिहायचे, आणि हेडफोन परत आला की तिने गाठीचा रंग बघून टिपायचा. आवाज तिन्हींना तेवढाच ठेवायचा, कारण जरासा मोठा असला की तोच चांगला वाटतो. ऐकायला तीन मिनिटं बासरी आणि शेवटी अर्धं मिनिट काहीच नाही. बाहेरचा आवाज उशी किती अडवते ते त्या अर्ध्या मिनिटात कळतं. मी म्हटलं होतं की काकांचे टाळ असलेलं भजन लावू. अक्का म्हणाली, "अप्पांचं काहीही नको. आज अप्पा खोलीत नकोत."

रविवारी दुपारी आम्ही खुर्ची आरशासमोर ठेवली. ट्रायलची जागा तीच होती, दुसरीकडे ठेवायचं कोणाला सुचलं नाही.

४

पहिला मंजुनाथ आला. त्याचं शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. तो कन्नडमध्येच बोलतो, मी इथे मराठीत लिहितो.

"लग्न लावताय की ऑपरेशन?" पट्टी बांधून घेताना तो म्हणाला.

पहिल्याला त्याने आठ दिले. दुसरा ऐकताना म्हणाला, "हा स्वस्त आहे, लगेच कळतं. डावीकडून बाहेरचं सगळं येतंय, तुझ्या काकू भांडी घासतायत." त्याला चार दिले. तिसऱ्याला सात. मग अक्काने ठरवल्याप्रमाणे मी पहिलाच पुन्हा घातला, चौथा म्हणून. मंजुनाथ मान हलवत म्हणाला, "आता हा बघ. हा परदेशी. पहिल्यापेक्षा फार वरचा." त्याला नऊ दिले.

पडद्यामागे अक्का हसायची थांबत नव्हती. मंजुनाथने पट्टी काढली, त्याला कळलं, तोही हसला. मग शर्टाचा खांदा झटकत म्हणाला, "पण एक सांग. दुसऱ्याच्या वेळी खांद्याला हात का लावलास? गुदगुल्या झाल्या."

"मी नाही लावला."

"मग काय तुझी अक्का आली? दोन बोटं अशी मानेपासून फिरवली आणि टोकाला दाबलं. मला वाटलं नवीन स्टाइल आहे."

वायर लागली असेल, मी म्हणालो. हेडफोनची वायर त्याच बाजूने खाली येत होती. मंजुनाथने ते मान्य केलं आणि दुकान उघडं आहे म्हणून पळाला.

मी खुर्चीमागे उभा राहून विचार केला. वायरला अंगठा नसतो. मग दुसरा विचार आला आणि बरं वाटलं. मी दहा वर्षं काकांच्या हाताखाली ट्रायल केल्या आहेत. माझाच हात गेला असणार, मला न सांगता. हातांना सवय लागते, त्याला मी काय करणार?

५

मग वेंकटरमण सर आले. निवृत्त मास्तर, चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्यांचे सगळे कोट काकांनीच शिवलेले. ते मराठी नीट बोलतात, मुलांना फळ्यासमोर सांगावं तसं.

या वेळी मी नियम केला. हेडफोन घालायचा, दोन पावलं मागे जायचं, हात खिशात. खिशातून बाहेर काढायचे नाहीत.

पहिला झाला. सर म्हणाले, "सात. नीट आहे, पण कोरडा." दुसरा घातला. मी मागे गेलो, भिंतीला टेकलो, दोन्ही हात खिशात घट्ट धरले. डाव्या हातात किल्ल्या होत्या, त्या टोचत होत्या. त्यामुळे मला माहीत आहे की हात तिथेच होते.

बासरी संपली असेल. खोलीत काही आवाज नव्हता. पंखाही आम्ही बंद ठेवला होता. सरांनी मान किंचित उजवीकडे झुकवली आणि खांदा सैल सोडला, जसा माणूस शिंप्यासमोर सोडतो. चेहऱ्यावर हसू आलं. ते म्हणाले, "बसलं."

मी काही विचारलं नव्हतं.

सरांनी हेडफोन काढला तेव्हा मी भिंतीपासूनच मार्क विचारले. ते म्हणाले, "आवाजाला पाच. हा माझ्या कानाला लागत नाही, डावीकडे फट राहते. पण रविकिरण, तू घातलास मात्र अगदी गुंडेरावांसारखा. तोच हात—"

मध्येच थांबले. माझा आवाज भिंतीकडून आला होता ना. पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी माझ्याकडे वळवला, मग खुर्चीच्या मागे, जिथे कोणी नव्हतं.

"तिसरा घाल," ते हळू म्हणाले.

जाताना सरांच्या पांढऱ्या शर्टावर, उजव्या खांद्याच्या टोकाशी, मला निळ्या खडूची बारीक रेघ दिसली. शिंपी बाही जरा आत घ्यायची असली की करतो तेवढी. आमच्याकडे निळा खडू काका वापरायचे, मी पांढरा वापरतो. सर येताना ती होती का? रिक्षातून उतरताना कुठे तरी लागलं असेल. मी त्यांना सांगितलं नाही. धूळ आहे सर, म्हणून झटकली. बोटाला निळं लागलं. मी ते धुतलं नाही, पँटला पुसलं. का ते माहीत नाही.

६

काकूला बोलवायचं नव्हतं. तीच आली. हात पदराला पुसत म्हणाली, "सगळ्यांना बसवता, मला नाही? मला ऐकू येत नाही असं वाटतं तुम्हाला?"

अक्का पडद्यामागून म्हणाली, "आई, हे सिरियल नाही. मार्क द्यायचे आहेत."

"तुझ्या बापाला पन्नास वर्षं मार्क दिले. गप बैस आत."

पट्टी बांधली तेव्हा काकू लहान दिसायला लागली. पहिला घातला, तिने सहा दिले. दुसऱ्याला आठ. तिसरा घालून मी मागे गेलो आणि या वेळी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मला बघायचं नव्हतं. माझ्या पाठीमागे आरसा आणि काकू. काकूच्या हातातल्या बांगड्या आधी जरा वाजल्या, मग थांबल्या. अर्धं मिनिट फार मोठं असतं. मला वाटलं मी फरशीवर एक बारीक आवाज ऐकतोय, टप, टप, मशीन न चालवता पायडल हलवावं तसा. नळ असेल. आमचा मोरीतला नळ गळतो.

मी वळलो तेव्हा काकूने हेडफोन स्वतःच काढून मांडीवर ठेवला होता. पट्टी तशीच होती.

"ह्याला काय मार्क द्यायचे, रवी?" ती म्हणाली. "हे माझ्या मापाचं नाही."

"मग कमी द्यायचे, काकू."

"कमी लिही. पण चूक त्याची नाही. दुसऱ्याचा कोट घालून मी काय सांगू, कसा आहे?" मग जरा वेळाने, अगदी रोजच्या आवाजात, "जेवून जा म्हणावं."

कोणाला ते मी विचारलं नाही. तिने पट्टी काढली, डोळे पुसले नाहीत, आणि आत दूध तापवायला गेली.

७

अक्काने पाकीट फोडलं. मी मार्क आणि गाठींचे रंग जुळवले. माझा जोड पहिला. मशीनचा दुसरा. काकांचा शेवटचा, सगळ्यांच्या हिशोबाने. मंजुनाथचे चार, सरांचे पाच, काकूचे मी तीन लिहिले होते. आणि तिघांच्या बाबतीत जे काही झालं ते त्याच जोडाच्या वेळी. ते मी कागदावर लिहिलं नाही. तसा रकाना नव्हता.

"म्हणजे उसवायची गरज नाही," अक्का म्हणाली. "तुझा नमुना पाठवू." तिने माझ्या डोक्यावर टपली मारली. "बघ, तू अप्पांपेक्षा चांगलं शिवतोस."

मला पाहिजे होतं तेच झालं होतं. पण काका हरले असं वाटलं आणि मीच त्यांना हरवलं असं वाटलं. मी म्हणालो, "अक्का, मलाही बसव. मला गाठी दाखवू नको."

"तुझे मार्क धरणार नाही हं."

"नको धरू."

पट्टी म्हणजे काकांच्या कोटाच्या अस्तराचाच तुकडा होता. खालून नाकाजवळ जराशी फट राहत होती. तिथून आरशाचा खालचा भाग दिसायचा, माझे गुडघे आणि खुर्चीचे पाय.

पहिला बरा होता. दुसरा वाईट. तिसरा कानावर बसला आणि जग बंद झालं. रिक्षा गेली, भांडी गेली. डाव्या कानामागे मला एक खळगा आहे, लहानपणी सायकलवरून पडलो तेव्हाचा. कुठलाही हेडफोन तिथे उचलला जातो, फट राहते. हा त्या खळग्यात अगदी भरून बसला होता. मला एकदम डिसेंबरातली एक सकाळ आठवली. काकांनी माझ्या डोक्याला टेप लावला होता. कानावरून कानापर्यंत, मग कानामागे, दोनदा. मी हसलो होतो. "कानटोपी शिवतो तुला," ते म्हणाले होते, "थंडीत गाडीवर फिरतोस." टोपी काही आली नाही. मी विसरून गेलो होतो.

बासरी संपली.

मग दोन बोटं मानेपासून निघाली. खांद्याच्या शिवणीवरून, घाई नाही, टोकापर्यंत गेली. अंगठ्याने दाबलं.

मी म्हटलं, अक्का चेष्टा करतेय. मंजुनाथचं बोलणं तिने पडद्यामागून ऐकलं होतं. मला बरं वाटलं, रागही आला. मग टेपचं पितळी टोक डाव्या कानामागे टेकलं. थंड. ते खळग्यापाशी थांबलं, जसं तेव्हा थांबलं होतं.

मी मान हलवली नाही. फक्त डोळे खाली केले. फटीतून आरसा दिसत होता. माझे गुडघे. खुर्चीचे पाय. खुर्चीच्या मागे दोन पाय, अनवाणी, म्हातारे. उजव्या पायाचा चवडा हळूहळू वरखाली होत होता.

भीती वाटली का? वाटली. पण मला उठून पळावंसं वाटलं नाही. मला फक्त असं वाटत होतं की मी मागे वळून बघितलं तर ते संपेल. आणि त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही. सहा महिने ते गिऱ्हाईक शोधत होते आणि आम्ही एकेक चुकीचा माणूस आणून बसवत होतो.

"बसलं, काका," मी म्हणालो. "नीट बसलं."

डाव्या कानाशी, उशीच्या आत असल्यासारखा, बारीक आवाज आला. दोरा दाताने तोडल्याचा.

"काय बसलं?" अक्काने हेडफोन काढला. तिच्या हाताला दुधाचा वास होता. "आई बोलावत होती, दूध उतू जात होतं. कधीची आत आहे मी. कोणाशी बोलतोयस?"

मी पट्टी काढली. आरशात मी, खुर्ची, आणि मागे अक्का, पायात निळ्या चपला.

"किती मार्क?" तिने विचारलं.

"दहा," मी म्हणालो. "पण धरू नको."

तिने हेडफोन तसेच, खोळीसकट, खुंटीला अडकवले आणि आम्ही तिघं जेवलो. काकूने चार पानं मांडली होती. अक्काने एक उचललं.

८

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर दुकान उघडलं. विठोबाला दिवा लावला, झाडलं. मग हेडफोन खुंटीवरून काढला आणि काकांच्या डाव्या उशीची मलमलीची खोळ सोडवली. तिचे टाके माझेच होते, जसे घातले तसेच होते, कुठे हललेले नव्हते.

खाली उघडं तोंड नव्हतं. एक इंच शिवलेला होता. बारीक, जरासे तिरके टाके, काकांचे असायचे तसे. दोरा मात्र माझ्या मशीनवरच्या रिळाचा, काळा नवीन. टोक कात्रीने कापलेलं नव्हतं. चघळल्यासारखं चपटं झालं होतं.

मी पडद्याआड जाऊन काकूला विचारलं, रात्री तू काही शिवलंस का. ती म्हणाली, "माझ्याने सुईत दोरा जातो का आता?" अक्का ऑफिसला निघाली होती, तिला शिवणच येत नाही. राहिलो मी. मी झोपेत उठून शिवलं असेल. हात तर तोच आहे, त्यांनीच शिकवलेला. पण मग खोळ कोणी उसवली आणि माझेच टाके जसेच्या तसे परत कोणी घातले, हे मला सुचत नाही. सुचलं तर लिहीन.

निघताना अक्का म्हणाली, "तर दोनशे तुझ्या नमुन्याचे. कळवते त्याला."

"कळव," मी म्हणालो. "पण दारात येईल त्याच्या डोक्याचं माप घेणार. डावं वेगळं, उजवं वेगळं."

ती मला काही तरी बोलणार होती. मग माझ्या उजव्या पायाच्या चवड्याकडे तिची नजर गेली, आणि लगेच तिने गाडीला किक मारली.

ती गेल्यावर मी मापाची वही काढली. सहा महिन्यांत पहिल्यांदा शेवटचं पान उघडलं. काकांचं अक्षर मोठं आणि वाकडं, सातवीतल्या मुलासारखं. नाव: रवी. माल: उशा, एक जोड. मग मापं, डाव्या कानाची एक ओळ, उजव्या कानाची एक, आणि डावीकडे छोटा गोल काढून लिहिलेलं, "इथे खळगा. सांभाळून." त्यापुढे दोन रकाने रिकामे होते. एक ट्रायलचा, एक गिऱ्हाइकाच्या सहीचा.

ट्रायलच्या रकान्यात मी रविवारची तारीख घातली. मग पेन जरा वेळ तसंच धरून बसलो, कारण मी या वहीत नेहमी दुकानाकडून लिहितो, गिऱ्हाईक म्हणून कधी लिहिलं नव्हतं.

मग सही केली.